शिफारस मागायची वेळ

१६ एप्रिल १९७२, रविवार. देवळाली प्रवरा

अधिक वैशाख लागला. समोरच्या मालनबाईंकडे जावई आले आहेत आणि धोंड्याच्या महिन्याचे अनारसे तळल्याचा वास सकाळपासून माझ्या ओट्यावर येऊन बसला आहे. मला ताट येणार नाही, आणि ते रीतीला धरूनच आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी वर्ष सरेपर्यंत गोड पाठवत नाहीत, शुभाचं बोलणं काढत नाहीत. वासाबद्दल रीतीत काही सांगितलेलं नाही, म्हणून घेतला.

गेल्या एप्रिलात मी हायस्कुलातून निवृत्त झालो आणि जुलैत मनकर्णा गेली. शाळेची घंटा थांबली, मग घरातली हाकही. मुलगा रंगनाथ भिलाईला पोलादाच्या कारखान्यात आहे. त्याच्या पत्रात तिकडची हवा आणि माझ्या तब्येतीची चौकशी, बस्स. बोलायला कुणी नाही म्हणून ही वही काढली. पहिल्या पानावर एखादी आर्या लिहावी असं मनात होतं, पण मात्रा जुळेनात.

संध्याकाळी रतन आली. आसारामाची थोरली, कालव्याकडच्या मोसंबीच्या बागेतली. आठवी ते दहावी तीन वर्षं माझ्याकडे मराठीला होती; यंदा अकरावीची परीक्षा दिली. मनकर्णेला अर्धांगवायू झाला तेव्हा ही पोर रोज संध्याकाळी येत असे. आत दोघींचं काय चाले मला ठाऊक नाही. पाण्याचा, भांड्यांचा आवाज येई. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला. मधूनच आतून रतनची हाक येई, "सर, मोठ्यानं म्हणा की." मग मी आवाज चढवी. कवितेची ओढ ही अशी असते. नाहीतर कोण पोर दुखणेकऱ्याच्या घरी रोज येईल?

आज मेथीची जुडी ठेवून ओट्याच्या कडेला बसली. मी तिला मोटेवरची जुनी कविता म्हणून दाखवली, जी आता पुस्तकातून काढून टाकली आहे. दोनदा तिने काही बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. चांगल्या कवितेने असं होतं.

१९ एप्रिल

शाळेचा शिपाई कानिफनाथ दूध घेऊन येतो, सोबत गावाची बातमी असते. आजची बातमी रतनची. तिला नगरला परिचारिकेच्या शाळेत जायचं आहे. अर्ज पंचवीस जुलैच्या आत पोचला पाहिजे आणि त्याला दोन शिफारसपत्रं लागतात: एक डॉक्टरचं, एक अशा शिक्षकाचं ज्याने निदान तीन वर्षं शिकवलं आहे.

"नवे हेडमास्तर तर मागल्या जूनला आले," कानिफनाथ म्हणाला. "गणिताचे सर बदलून गेले. म्हंजी तुमीच की सर. दुसरं कोन हाय?"

मी दुधाचं भांडं घेऊन आत गेलो. दूध तापवताना लक्षात आलं की मी गुणगुणतो आहे. भुजंगप्रयात.

माझा एक नियम आहे, चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी मोडला नाही. न मागता शिफारस द्यायची नाही. बाजारात जो माल स्वतःहून पुढे करतात तो लोक उलटसुलट करून पाहतात. मागणाऱ्याने मागावी, देणाऱ्याने मग द्यावी. आणि मागायचीही एक वेळ असते. परीक्षा संपल्यावर आणि निकालाच्या आधी. निकाल लागला की लिहिणारा गुणांची शिफारस करतो, मुलीची नाही. शिवाय लिहिणाऱ्याला सवड हवी. ऐन तारखेला आलेल्या पोराला मी नेहमी चार ओळी खरडून दिल्या, आणि त्या चार ओळींसारखंच त्या पोरांचं पुढे झालं.

म्हणजे रतनची वेळ हीच. येईल या आठवड्यात.

३० एप्रिल

आली नाही असं नाही. दोनदा आली. एकदा कैऱ्या, एकदा नुसतीच. मागितलं नाही.

तयारी म्हणून मसुदा करून ठेवला. 'ही कन्या म्हणजे अंधाऱ्या गाभाऱ्यातील नंदादीप' अशी सुरुवात साधली आहे. पुढे तिच्या काव्यरुचीचं वर्णन, मग दया, क्षमा, शांती. दोन पानं झाली. वाचून पाहिलं, छान वाटलं. मनकर्णा असती तर म्हणाली असती, यात रतन कुठं आहे?

११ मे

आज रतनने विचारलं, "सर, काकूंचं वर्ष कधी?"

डोळे भरून आले. स्वतःच्या मुलाने अजून विचारलेलं नाही. मी म्हणालो, "आषाढ वद्य तृतीया."

ती बोटांवर मोजत होती. "मागल्या साली अकरा जुलै होती ना?"

"होय. अकरा जुलै, रविवार."

तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला नवलच वाटलं. म्हणाली, "मग बरंय," आणि घाईने उठून गेली. मनकर्णेवर तिचा जीव होता, हेच खरं.

२४ मे

राहुरीच्या डॉक्टरांनी रतनला पत्र दिलं. कानिफनाथाने सांगितलं, एवढंच नाही, पाकीट लाखेने बंद केलं आहे, हेही सांगितलं. डॉक्टर मनकर्णेला पाहायला येत तेव्हा रतन तिथेच असायची, तेवढीच त्यांची ओळख. तेवढ्यावर त्यांच्याकडे ती वेळेत गेली. आणि तीन वर्षं ज्याने 'ण' आणि 'न' घोटून घेतला तो इथे ओट्यावर बसला आहे.

निकालाला आता थोडेच दिवस. माझ्या हिशेबाने मागायची वेळ चालली.

दुपारभर कालव्याकडे पाहत होतो. पाण्याची पाळी लांबली आहे, कालव्यात नुसता गाळ. उसाची पानं कडेने पिवळी पडताहेत. लहानपणी मी असंच एखाद्या झाडाकडे पाहत बसलो की वडील म्हणत, याचं काही खरं नाही.

१२ जून

निकाल लागला. रतन दुसऱ्या वर्गात पास. मराठीत सगळ्यांत कमी. ती हसत हसत दारात उभं राहून सांगत होती. आत आली नाही, वाकून नमस्कार केला आणि गेली. पेढा नाही.

मालनबाईंकडे पेढा गेला, कानिफनाथालाही मिळाला. मला नाही. मराठीचे गुण कमी म्हणून मराठीच्या मास्तरावर राग असेल का? तसं असलं तरी पेढा द्यायला हरकत नव्हती.

तिला कुठल्याच कवितेचं दुसरं कडवं कधी पाठ झालं नाही हे मी मसुद्यात लिहिलेलं नाही. चौथा मसुदा आहे. यातलं काव्य काढून पाहावं म्हणून खोडत गेलो, तर खाली काही उरेना. पुन्हा घातलं.

२ जुलै

पाऊस नाही. आभाळ येतं आणि तसंच जातं, वर्गाच्या खिडकीतून डोकावून पुढे जाणाऱ्या इन्स्पेक्टरसारखं.

कुणीच आलं नाही. कानिफनाथ तेवढा दूध ठेवून लगेच गेला. त्याच्या घरात कुणी आजारी आहे. मग मीच मोठ्याने एक कविता म्हटली. मधे थांबलो. आतून कुणी 'मोठ्यानं' म्हणालं नाही.

आपल्याला कुणी विसरलं हे कळायला किती दिवस लागतात? पहिले काही महिने वाटतं, लोक दुःखाला जागा देताहेत. नंतर जागा तेवढीच राहते आणि दुःख लहान होत जातं.

१३ जुलै

आज जे झालं त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून जसंच्या तसं लिहितो.

सकाळी रतन आली. न्हालेली, केसांत फूल, नवं पातळ, हातात नारळ. सरळ आत आली, जशी वर्षभरात आली नव्हती. मला वाटलं, मागायला आली. निकालानंतर का होईना, आली. मी मुद्दाम चष्मा पुसत बसलो, म्हणजे तिला धीर यावा.

तिने इकडे तिकडे पाहिलं. फोटोला हार नव्हता, दारात पत्रावळी नव्हत्या. म्हणाली, "सर, काकूंचं वर्ष झालं ना? परवा?"

"अजून कुठलं," मी म्हणालो. "या वर्षी अधिक वैशाख होता. महिना जास्त गेला. तृतीया एकोणतीस जुलैला येते."

ती उभीच राहिली. मग खाली बसली. तोंड पांढरं पडलं होतं. मी पाणी दिलं. "एकोणतीस," एवढंच म्हणाली. मी तिची समजूत घातली की श्राद्ध चुकलं असं वाटून घेऊ नको, तू त्या दिवशी ये, मनकर्णेला आनंद होईल. ती मान हलवत होती. जाताना नारळ उचलला आणि परत घेऊन गेली.

आणलेला नारळ परत का न्यावा? मी काही चुकीचं बोललो का?

२० जुलै

रतन आलेली नाही. कानिफनाथाने सांगितलं की ती नव्या हेडमास्तरांकडे गेली होती आणि रिकाम्या हाताने खाली मान घालून बाहेर आली. तीन वर्षांच्या अटीपुढे त्यांचा काय इलाज?

म्हणजे तिला कळलं आहे की माझ्यावाचून चालणार नाही. तरी येत नाही. परक्याच्या दारात जाईल, तिथून परत येईल, पण माझ्याकडे मागणार नाही. काय केलं मी या मुलीचं?

कानिफनाथ दुधाची बरणी हलवत म्हणाला, "सर, तुमीच द्या की लिवून. एवढा काय भाव खाताय?"

मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, "व्हय, व्हय," आणि गेला. वर्गात मागच्या बाकावरची पोरं असंच म्हणत.

पाच दिवस आहेत. मसुदे टेबलावर आहेत. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. तिला माझं पत्र नकोच असेल तर? ते तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा नियम बरा.

२३ जुलै, रविवार

हात दुखतो आहे, पण आजच लिहिलं पाहिजे.

दुपार कलताना रस्त्यावरून हाक आली. "मास्तर, भायेर या." पाहतो तो रतनची आजी, आक्काबाई. काठीवर दोन्ही हात ठेवून दारापासून चार हात लांब उभी. मागे रतन, डोळे सुजलेले.

मी म्हणालो, आत या की.

"म्या आत येनार न्हाई. तुमी बी आत बसून काई करायचं न्हाई. चपला घाला."

मग तिने तिथेच, मालनबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगितलं. एप्रिलातच रतन माझ्याकडे पत्र मागायला निघाली होती. आक्काबाईनेच अडवलं. वर्षाच्या आत दुखवट्याच्या घरातून शुभाचा कागद न्यायचा नाही. त्यातून पोर जाणार आजाऱ्यांच्यात, पहिलाच कागद मयताच्या घरचा नको. पोरीकडून शपथ घेतली की मास्तरांना काही बोलायचं नाही, उगाच त्यांच्या जिवाला लागेल. वर्ष झालं की मागायचं. आषाढ वद्य तिजेला वर्ष, हे आजीला ठाऊक. पंचवीस जुलै, हे नातीला ठाऊक. नातीने मागल्या सालची तारीख धरली, आजीने तारीख विचारलीच नाही. मधे धोंड्याचा महिना येऊन बसला आहे हे दोघींच्या ध्यानात आलं नाही.

"आणि मला वाटलं, तिला माझं पत्र नको आहे," मी म्हणालो.

"तुमाला वाटलं," आक्काबाई म्हणाली. "तुमाला लई वाटतं, मास्तर. इचारलं असतं तर तोंड झिजलं असतं?"

मी नियमाचं काही सांगितलं नाही.

म्हणालो, पण आता काय करायचं, वर्ष तर अजून सरलेलं नाही. त्यावर म्हातारी म्हणाली, "सा दिस झालं पोरगी जेवली न्हाई, तवा म्या बी इचार केला. तुमच्या घरातला न्यायचा न्हाई असं म्हनले म्या. तुमच्या हातचा न्हाई असं कुटं म्हनले? चला. कानिफनाथाला शाळा उघडाया लावलीया."

मी मसुदे घ्यायला आत वळलो. तिने काठी आपटली. "ते घरातलेच कागद न्हवं? ऱ्हाऊ द्या." पेनसुद्धा घेऊ दिलं नाही. तीन महिन्यांचे चार मसुदे, नंदादीपासकट, टेबलावर राहिले आणि मी हात हलवत रस्त्याने निघालो.

शाळेत मी वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. वर्गात खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलेली. कानिफनाथ ती उतरवायला निघाला. मी नको म्हणालो आणि पोरांच्या बाकावर बसलो. गुडघे वर आले. आक्काबाई उंबऱ्याशी पायरीवर बसली. कानिफनाथाने दुकानातून आखीव ताव आणून ठेवला होता आणि शाळेची दौत-टाक.

ताव समोर घेतला आणि काही सुचेना. घरातलं सगळं पाठ होतं, पण ते इथे लिहावंसं वाटेना. रतन समोरच्या बाकावर होती. मी तिला विचारलं, "तू आत काय करायचीस?"

तिला कळलं नाही.

"काकूंच्या खोलीत. रोज. मी ओट्यावर असायचो तेव्हा."

ती खाली पाहून सांगू लागली. कूस बदलायची, एकदा या अंगावर, एकदा त्या. पाठ कोमट पाण्याने पुसायची, तेल लावायचं, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही. डॉक्टरांनी दाखवलं होतं. मऊ भात कुस्करून तोंडाच्या चांगल्या बाजूने भरवायचा, घाई करायची नाही. गोळीची वेळ भिंतीवर कोळशाने लिहिली होती. मी ती रेघ पाहिली होती. मला वाटलं होतं, दूधवाल्याचा हिशेब असेल.

"आणि ते मोठ्यानं म्हणा म्हणायचीस, ते?"

तिने आजीकडे पाहिलं. आक्काबाई पायरीवरून म्हणाली, "सांग की आता."

"काकू सांगायच्या," रतन म्हणाली. "कूस बदलताना त्यांना लई दुखायचं. म्हणायच्या, त्यांना मोठ्यानं म्हणायला लाव, म्हंजी माझं कण्हणं ऐकू जायचं न्हाई. ते घाबरत्यात."

फळ्यावर कुणीतरी शुक्रवारचा सुविचार अर्धा पुसून ठेवला होता. मी तो पाहत बसलो. मग लिहिलं.

सहा ओळी झाल्या. आक्काबाईने वाचायला सांगितलं म्हणून मोठ्याने वाचलं:

"रतन आसाराम ही तीन वर्षे माझी विद्यार्थिनी होती. माझी पत्नी पाच महिने अंथरुणाला खिळून होती. त्या काळात या मुलीने रोज येऊन तिचे सर्व केले. अखेरपर्यंत तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. पत्नीचे दुखणे या मुलीने मला कळू दिले नाही, आणि हे तिने स्वतःसाठी केले नाही. मी त्याच घरात होतो, मला हे आज कळले."

शेवटचं वाक्य शिफारसपत्रात शोभत नाही. खोडायला टाक उचलला. आक्काबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. खरं हाय."

रतनला म्हणालो, एवढंच पुरेल ना? चार ओळी खरडून दिल्यासारखं झालं. ती पदराने डोळे पुसत होती, तिने मान हलवली. मी सही केली, टिपकागद नव्हता म्हणून फुंकर घालून शाई वाळवली. उद्या पहाटेच्या एस.टी.ने बापलेक नगरला जाऊन अर्ज हातात देणार. टपालावर आता भरवसा नाही.

परत येताना त्या दोघी बागेकडे वळल्या, मी गावाकडे. घरी आलो. भिंतीवरची रेघ अजून आहे.

२५ जुलै

काल दिवसभर दारात बसून होतो. एस.टी. दोनदा आली आणि गेली. तिसऱ्या गाडीतून आसाराम उतरला, रतन मागे. त्याने रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं, "घेतला, सर. शिक्का मारून दिला. मुलाखतीला बलावत्याल म्हनले."

मी बरं म्हणालो. आणखी काही म्हणायचं होतं, पण ते थांबले नाहीत. गुरांना वैरण घालायची होती. रतनने वळून हात वर केला. अर्ज आता गेला. आता तिला इथे येऊन तोंड उघडायचं आणि मिटायचं कारण नाही.

आज कानिफनाथ म्हणाला की गावात आणखी दोघातिघांना माझ्याकडे काम होतं, एकाला तर मुंजीच्या पत्रिकेचा मजकूर हवा होता. वर्षामुळे आले नाहीत. मी त्याला विचारलं, मग त्यांनी काय केलं? म्हणाला, दुसऱ्याकडून लिहून घेतलं, त्यांना कुठं थांबायला वेळ होता.

एकोणतीसला वर्ष सरेल. रंगनाथाची तार आली, रजा नाही. उपाध्ये येतील, रतन वाढायला येते म्हणाली आहे. तीस तारखेपासून माझ्या घरातून कागद न्यायला कुणाची हरकत नाही. मी दौत भरून ठेवली आहे. अजून तरी कुणाला काही लिहून हवं आहे असं ऐकिवात नाही.